आईने दिलेली साक्ष

माझ्या नोकरीबद्दल मला जे सांगता येतं ते दोन पोळ्या भाजून होईपर्यंत संपतं. मी टेस्ट पायलट होते. रडारला दिसू नयेत म्हणून जी विमानं बनवतात, ती जगाला दाखवायच्या आधी आम्ही उडवून बघायचो. कुठे, कुठलं, किती वेळा, हे विचारू नका. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हमखास गाठतंच, "सांग ना यार, एलियन असतात का गं तिथे?" मी म्हणते, असतात की, कॅन्टीनमध्ये तेच स्वयंपाक करतात, चवीवरून कळतं.

लोकांना वाटतं, काय थरार असेल! थरार कसला डोंबलाचा. अशा विमानाचा आकार लपण्यासाठी बेतलेला असतो, उडण्यासाठी नाही. कॉम्प्युटर क्षणोक्षणी त्याला सावरत असतो म्हणून ते हवेत राहतं. आमचं काम म्हणजे काल जेवढं केलं त्याहून आज तसूभर जास्त करायचं, आणि ते करताना विमान काय म्हणतं ते नीट लक्षात ठेवायचं. सोमवारी सकाळी पाटी नसलेल्या एका दारातून आत जायचं, फोन कप्प्यात ठेवायचा, की शुक्रवारपर्यंत मी कुठे आहे ते घरच्यांना माहीत नसायचं; रात्री तिथल्या फोनवरून बोलता यायचं तेवढंच. उडवणं कठीण होतं, पण शिकता येत होतं. शनिवारी घरी येऊन गप्प बसणं हे खरं काम. माझ्याबरोबरचे काहीजण हळूहळू घरी काहीच बोलेनासे झाले, हवापाण्याचंसुद्धा.

आणि या कामाला निघाली कोण, तर मी! आमच्या घरात गुपित नावाची वस्तूच नव्हती. आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात राहायचो. बाबा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते. बाजारात न आलेल्या गाड्या ते चालवून बघायचे; आकार कळू नये म्हणून त्या गाड्यांवर काळे-पांढरे पट्टे चिकटवलेले असायचे. कंपनीने सांगितलेलं असायचं, घरी एक अक्षर बोलायचं नाही. बाबा हातपाय धुऊन पानावर बसायचे आणि पहिल्या घासाला आईला सांगायचे, "या वेळचा ब्रेक काही खरा नाही." आईला त्या कंपनीच्या पुढच्या दोन मॉडेल्सचे सगळे दोष पाठ होते. मी इंग्रजीत काही बोलले की आई ऐकूच आलं नाही असं दाखवायची, त्यामुळे शाळेतलं जे काही सांगायचं ते मराठीत सांगावं लागायचं, आणि सगळं सांगावं लागायचं. पुढे मी हवाईदलात गेले, बाबा गेले, माझं लग्न झालं आणि मोडलं, पण आईला रोज फोन करायची सवय सुटली नाही.

गुप्त कामासाठी माझी निवड झाली तेव्हा एकच गोष्ट उरली होती, सिक्युरिटी क्लिअरन्स. ते मिळाल्याशिवाय आत पाऊल नाही. कॉलेजात असल्यापासून मी ज्यासाठी जिवाचं रान केलं होतं ते सगळं त्या एका शिक्क्यावर अडलं होतं. त्यासाठी सरकारचा माणूस येऊन तुमची चौकशी करतो. शेजाऱ्यांना विचारतो, घरच्यांना विचारतो. त्याला एवढंच बघायचं असतं की ही बाई खरं बोलते का आणि तोंड बंद ठेवू शकते का.

आता आपल्याकडे शेजारी येऊन मुलीची चौकशी कोण करतं? मुलाकडचे! दुसऱ्या कुठल्या चौकशीची आपल्याला सवयच नाही.

तो माणूस आधी आईच्या शेजारच्या काकूंकडे गेला. काकू नागपूरच्या, माझ्यावर पोटच्या पोरीसारखं प्रेम. त्यांनी त्याला बसवलं, पोहे केले, वर चहा पाजला. मी घटस्फोटित आहे हे मी सरकारला आधीच कळवलेलं होतं, आणि आमच्या सबडिव्हिजनमधल्या घराघराला ते माहीत होतं. पण परक्या माणसासमोर पोरीचं असलं काही काढायचं? काकूंनी त्याला शांतपणे सांगितलं, की जावई टेक्सासला असतात, जॉबसाठी, फार गुणी मुलगा.

मग तो आईकडे आला. आईने माझी कौतुकं केली ती केली, आणि शेवटी छाती फुगवून सांगितलं, "माझी मुलगी माझ्यापासून काही म्हणजे काही लपवत नाही. दिवसभरात जे होईल ते रात्री मला सांगते."

मुलाकडच्यांनी हे ऐकलं असतं तर तिथल्या तिथे साखर वाटली असती. या पठ्ठ्याने ते लिहून घेतलं आणि मला बोलावलं.

माणूस सभ्य होता. त्याने विचारलं, "तुमचा घटस्फोट झालाय की नाही? आणि तुम्ही खरंच आईला सगळं सांगता का?" स्थळाची चौकशी म्हणजे काय, हे मी त्याला निम्मी सकाळ समजावत होते. घटस्फोटाचं त्याला पटलं, कारण कोर्टाचे कागद होते. पण आईचं वाक्य राहिलंच. तो म्हणाला, मी तुमच्या आईंना पुन्हा भेटेन, आणि त्यांनी काय बोलायचं हे तुम्ही शिकवू नका. तसं दिसलं तर विषय तिथेच संपेल.

मी तडक नोव्हायला गेले. स्वयंपाकघरात आई गवार मोडत बसली होती. मी जी सुटले ती सुटलेच. "तुला कळतं का आई, तू काय करून ठेवलंस? माझ्या आयुष्याचं वाटोळं करायला निघालीस तू!"

आई म्हणाली, "काय खोटं बोलले मी? सांगतेस ना मला सगळं?"

हो म्हटलं तर काम जातं, आणि नाही म्हटलं तर आईच जाते. शिवाय तिला काय बोल म्हणून सांगायची सोय नव्हती. एवढंच म्हणाले, "तो परत येणार आहे. तुला जे खरं वाटतं ते सांग."

"आणि तुला ते काम मिळालं, की रोजच्या फोनवर काय बोलणार आहेस तू माझ्याशी?"

"जेवण. हवा. तुझे गुडघे."

"हं," आई म्हणाली आणि गवार मोडत राहिली. तिच्या मनात आलं असतं तर तिने मला एका वाक्यात कायमचं जमिनीवर ठेवलं असतं. तिला तेच हवं असणार, हे मला दिसत होतं. बाबा गेल्यानंतर तिला माझ्याशिवाय होतं कोण? मला तिची दया येत होती आणि रागही येत होता, दोन्ही एकदमच.

तो माणूस दोन दिवसांनी आला तेव्हा नियमाप्रमाणे मी घराबाहेर गेले. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. देवाचं नाव मी एरवी घेत नाही, त्या दिवशी घेतलं. आईचा फोन आला, "गेला तो. कोथिंबीर घेऊन ये."

मी कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे बघत उभी राहिले. ती पाठमोरी होती, फोडणी करत होती.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, की मागच्या वेळी मी जरा वाढवून बोलले. म्हटलं, मुलगी पक्की आतल्या गाठीची आहे."

"त्याला पटलं?"

"पुरावा मागितला त्याने. दिला." तिने गॅस बारीक केला. "म्हटलं, दोन वर्षांपूर्वी तिच्या बेसजवळ एक विमान पडलं. बातम्यांत सांगितलं, पायलट पॅराशूटने उतरला, सुखरूप आहे. नाव नाही सांगितलं. त्या दिवशी हिचा फोन बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी फोन करून मला म्हणते, आई, बाथरूममध्ये घसरले, पाठीला जरा लागलंय."

ते विमान माझंच होतं. खुर्चीसकट बाहेर फेकली गेले तेव्हा पाठीचा एक मणका चेपला होता. हे मी माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं, आणि आईला कधीच कळणार नाही याची माझ्या परीने पूर्ण व्यवस्था केली होती.

"त्या वर्षी दिवाळीला आलीस तेव्हा तुझी सलवार जमिनीला लागत होती," आई म्हणाली. "मीच शिवलेली, मापाची. बाथरूममध्ये घसरून कुणी बुटकं होत नाही, बाई. मी रात्री ती दुमडून शिवून ठेवली. तू घातलीस, पण तुझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

"तू... तू बोलली का नाहीस?"

"तू सांगितलं नाहीस, मग मी कशाला विचारू? त्याला म्हटलं, साहेब, दोन वर्षं ही माझ्याशी रोज बोलते आणि तेवढं एक चुकूनही बोलली नाही. आणि मी पण नाही बोलले. आता तुम्हीच ठरवा, या घरातल्या बायकांना तोंड बंद ठेवता येतं की नाही. त्याने त्याच्याकडचे कागद उलटून बघितले आणि मान डोलावली. पोह्यांना नको म्हणाला, काकूंकडे भरपूर झाले होते म्हणे."

मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन, शाळेतून पडून आलेल्या पोरीसारखं. आई जवळ आली नाही. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, पदराला हात पुसले आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली. तिचेही डोळे भरले होते.

"आता मिळेल तुला ते काम," ती म्हणाली. "यापुढे मी काही विचारणार नाही. आज एकदाच विचारते, खरं सांग. पाठ दुखते का गं अजून?"

"दुखते," मी म्हणाले. "थंडीत फार दुखते, आई."