पल्याडची हाक

माझा आवाज पहिल्यापासून मोठा. लग्न होऊन रेवदंड्याला आले, तर आठ दिवसांत सासूबाई म्हणाल्या, "अगो, ही सून हाय का भोंगा?" मी दोन दिवस फुगून बसले होते.

पुढं त्याच आवाजाची घराला गरज पडली. खाडीवर सासऱ्यांची उतारूंची होडी होती. मक्ता एकट्याचा, त्यामुळं घाई नसायची. होडी सोडण्याआधी ते किनाऱ्याकडं तोंड करून तीन हाका मारायचे, कुणी मागं राहिलं असेल तर यावं म्हणून. मग सरकारला वाटलं, सगळी खाडी एकाच्या हाती नको. कचेरीतला कारकून दुसऱ्या होडीचा परवाना घेऊन आला आणि वर आम्हालाच म्हणाला, "चढाओढ लागली की लोकांचं भलं होतं." त्याचं काय जात होतं बोलायला!

आता जी होडी पल्याडहून आधी सुटेल, तिलाच अल्याडचे उतारू आधी मिळायचे. सासऱ्यांच्या तीन हाका बंद झाल्या. आणि युक्ती काढली ती मी, दुसऱ्या कुणी नाही. सकाळी सासरे मला पल्याड उतरवायचे. दुसऱ्याची होडी सुटायला आली की मी केवड्याआडून ओरडायचे, "थांबा होऽऽ, आलेऽऽ!" तो बिचारा थांबायचा, तोवर आमची होडी निघून जायची. घरी हसून हसून पोट दुखायचं. सासूबाई मला माशाची मोठी तुकडी वाढायच्या. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं.

महिनाभरात तो शहाणा झाला. हाक ऐकली की उलट जोरात वल्ही मारायचा.

त्या दुपारी ओहोटी लागली होती. दोन्ही होड्या पल्याडहून शेवटच्या खेपेला सुटल्या, मी रोजच्यासारखी मागंच राहिले, आता संध्याकाळच्या भरतीपर्यंत होडी नव्हती. तेवढ्यात माझ्या मागून हाक आली, "थांबा होऽऽ, आलेऽऽ!" वळून बघते तर वन्सं, माझी थोरली नणंद. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या. गाडीवाला त्यांना उतरवून परत गेला होता. त्यांना वाटेतच कळा सुरू झाल्या होत्या, धड उभं राहवत नव्हतं.

मी कमरेइतक्या पाण्यात गेले. घसा फाटेस्तोवर ओरडले. "बाबा, खरंच हाय! वन्सं हायेत!" दुसऱ्यानं मान वळवली नाही. सासरे मात्र हसले, असं उतारूंनी नंतर सांगितलं. होडीत म्हणाले होते, "आज पोरीनं कमाल केली."

भरतीला ते मला न्यायला आले तेव्हा बाळ माझ्या पदरात होतं. ते रडलंच नव्हतं. मुलगा होता. सासऱ्यांनी लेकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते वाळूत बसले.

पुढं भाडं उतरलं, लोक खूश झाले. सासऱ्यांनी तीन हाका पुन्हा सुरू केल्या, दुसरी होडी कितीही पुढं जावो. वन्सं माहेरी येत राहिल्या. मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण पल्याड आल्या की हाक मारायच्या नाहीत, नुसत्या उभ्या राहायच्या. मला अल्याडून त्यांचं लुगडं ओळखू यायचं. मीही ओरडायचे नाही. धक्क्यापर्यंत चालत जायचे आणि सासऱ्यांना हातानं दाखवायचे.