टॉवेलाखालचा हात

मनुबाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. डेअरीतल्या मापावर नाही, जावेवर नाही, आणि नवऱ्यावर तर अंगाची हळद निघायच्या आधीपासून नाही. पलूसजवळच्या वस्तीवर लोक म्हणत, मनुबाई देवळात गेली तरी आधी चपलांकडं बघते, मग देवाकडं.

नवरा नाथाजी जनावरांच्या बाजारातला दलाल. टॉवेलाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्यांना पत्ता लागायचा नाही. पण हाताला कंप सुटला आणि धंदा बसला. टॉवेलाखाली बोट थरथरलं की समोरच्याला वाटायचं, भाव वाढला. एका खोंडाच्या सौद्यात असाच घोळ होऊन भर बाजारात शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठं तो सांगलीच्या डॉक्टरकडं गेला. गोळ्या लागू पडल्या. हात थांबला त्या दिवशी मनुबाईनं पुरणपोळी केली.

मग नवराच बदलला. रोज कुठला ना कुठला बाजार. भांग पाडून निघायचा, विचारलं तर थापा मारायचा, परतताना डोळे चमकत असायचे. मनुबाईनं सदरा हुंगून बघितला. बाईचा वास नाही, दारूचा नाही, नुसता शेणाचा. त्यानं तिचा संशय उलट वाढलाच. जावेनं करणी केली असेल म्हणून तिनं उंबऱ्यापुढची माती उकरून पाहिली.

एका सकाळी गोठ्यात रतन नव्हती. तासगावला बेदाणा निवडायच्या मजुरीतनं पैसे साठवून मनुबाईनं ही कालवड घेतली होती. घरात तिच्या एकटीचं म्हणावं असं तेवढंच. तिनं एसटी धरून बाजार गाठला. नाथाजीचा एक हात टॉवेलाखाली, दुसऱ्यात रतनचा कासरा, आणि चेहरा नवरदेवासारखा फुललेला.

तिनं कासरा हिसकावला.

"इकायची नव्हती गं," तो म्हणाला. "नुसता भाव बघत हुतो. हात आत गेला की निघतच न्हाई." आणि भर बाजारात त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन सांगलीच्या त्याच डॉक्टर संयोगिताबाईंपुढं बसली. "गोळ्या तुमी दिल्या. आता मानूस बी तुमीच परत द्या."

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मेंदूत हालचालीचं, सुखाचं, हव्यासाचं काम बघणाऱ्या पेशी असतात. त्या सगळ्या एका जातीच्या नसतात. वरून सारख्या दिसल्या तरी आतली घडण निराळी. काही हात चालायला मदत करतात, काही सौदा जमला की 'अजून एकदा' म्हणत राहतात. गोळी मात्र सगळ्यांपर्यंत पोचते. हात शांत झाला आणि ही दुसरी जात उधळली. असं काही होतंय का, हे मी आधीच विचारायला हवं होतं. गोळी हळूहळू कमी करू, पण कंप थोडा परत येईल."

"येऊ द्या," मनुबाई म्हणाली.

कंप आला. कपबशी किणकिणायला लागली. शेजारणी हळहळायच्या, मनुबाईला मात्र त्या आवाजानं धीर यायचा. गोळ्या तिच्याच ट्रंकेत, किल्ली तिच्याच कमरेला. शिवाय नवऱ्याची जीभ खोटं बोलेल, हात कसा बोलेल?

काल बाजाराचा दिवस होता. नाथाजीनं आपण होऊन चहा करून आणला. भांग पाडलेला. बशी वाजली नाही.

"आज लय बरं वाटतंय," तो म्हणाला.

मनुबाईनं कमरेची किल्ली चाचपली; ती जागेवरच होती, मग जादा गोळी ह्याला मिळाली कुठनं? रागापेक्षा भीतीच जास्त होती. चहा तसाच ठेवून ती गोठ्यात गेली, आणि रतनचं दावं हाताला गुंडाळून तिथंच बसून राहिली.