जिन्यातून वर आलेला माझा आवाज

मंचरच्या ज्या कापडाच्या दुकानात मी कामाला आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिची खिडकी उत्तरेला. ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तोही खिडकीला लावलेल्या पांढऱ्या चादरीतून गाळून. त्या उजेडात साडी उलगडली की ती पाण्यात सोडल्यासारखी वाटते. आधी काठ जातो, मग अंग, आणि पदर मागून सावकाश. तिथे बसलं की दुपार कधी झाली आणि कधी गेली ते मला कळत नाही.

त्या खोलीत व्हिडिओ बनतात.

मी चौथी शिकले. माझं माहेर भीमाशंकरच्या डोंगरातलं, आमच्या वाडीत शाळा तेवढीच होती. लग्न होऊन पेठला आले. व्हिडिओ म्हणजे लग्नात खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरणारा आणि डोळ्यांवर दिवा मारणारा माणूस, एवढीच माझी समजूत. माझ्या स्वतःच्या लग्नाची सीडी आहे. तिच्यात माझा फक्त भांग दिसतो. सगळ्या लग्नभर मी मान वर केली नव्हती.

दुकानात मला आधी खाली गादीवर बसवलं होतं, साड्या दाखवायला. शेठ लोक मूळचे राजस्थानचे, पण त्यांच्या तीन पिढ्या इथे गेल्यात, बोलतात आमच्यासारखंच. साडी उघडणं, फिरवणं, घडी घालणं मला छान जमायचं. पण गिऱ्हाईक बाईने विचारलं, "ही मला कशी दिसंल वो?" की माझी जीभ टाळूला चिकटायची. मी नुसती मान हलवायची. बाई दुसरीकडे वळायची. एक दिवस शेठ म्हणाले, रागाने नाही, पण म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला काय नाव ठेवायला जागा न्हाई. पण दुकानात तोंड लागतं. दिवाळीपर्यंत बघू. नायतर दुसरीकडं कुठं बघा."

त्या दिवशी परतताना एसटीच्या खिडकीतून मी शेतं बघत होते आणि मला एकही पीक ओळखू येत नव्हतं.

मग शेठच्या सूनबाईंनी व्हिडिओ करायला घेतले. त्यांना दुकानात सगळे भाभी म्हणतात, मीही म्हणते. त्या खाली आल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "ताई, वर चला. मला हात पायजेत."

"कसले?"

"तुमचे. तोंड नाय दाखवायचं. फक्त हात."

अशी मी वर गेले.

पहिल्यांदा मला वाटलं, फोन समोर धरला की झाला व्हिडिओ. भाभी हसल्या. फोन धरण्याच्या आधीचंच काम जास्त असतं. सकाळी भाभी वहीत लिहायच्या, आज कुठल्या साड्या, कुठली आधी, पदर कधी दाखवायचा, शेवट कशावर. मग इस्त्री. मग चादर, तीन पायांचं स्टँड, गोल दिवा. मग माझ्या हाताला खोबरेल तेल, आणि माझ्या बांगड्या काढून त्यांच्याकडच्या हिरव्या. एवढं होईस्तोवर चहाची वेळ व्हायची. खरं चित्रण म्हणाल तर चार मिनिटांचं. आणि मग संध्याकाळपर्यंत भाभी ते कापत बसायच्या. तांदूळ निवडताना आपण खडे बाजूला काढतो, तशा त्या जिथे हात अडखळला, जिथे मधे सावली आली, तो तुकडा काढून टाकायच्या. उरलेलं एकाला एक जोडायच्या. पुढे बघितलं की वाटायचं, हात कधी थांबलेच नव्हते.

ते हात माझे वाटायचे नाहीत. फोनच्या काचेत दोन हात कुठूनतरी यायचे, साडी उलगडायचे आणि निघून जायचे. जसं स्वप्नात आपणच चालत असतो आणि आपल्यालाच लांबून बघत असतो, तसं व्हायचं. एकदा जावेच्या फोनवर आमचा व्हिडिओ आला. माझ्या नवऱ्याने बघितला आणि मलाच म्हणाला, "तुझ्या दुकानातली ही बाई घड्या लई भारी घालती गं."

मी म्हणाले, "हाय एक." आणि भाकरी थापत राहिले.

व्हिडिओचे प्रकार असतात, हे मला हळूहळू कळलं. पहिला म्हणजे रील. अर्ध्या मिनिटाची. तिच्यात बोलणं नसतंच, वर गाणं लावतात. मी भाभींना विचारलं, "मधीच खोकला आला तर?"

"खोका की. शिव्या घाला. आवाज मी सगळा काढूनच टाकते."

त्या दिवसापासून मी साड्यांशी बोलायला लागले. मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात. घडी मोडताना साडीला सांगायचे, तू अंजिरी, तू कुठल्यातरी बारशाला जाशील, तुझ्या मांडीवर बाळ झोपंल. तू मोरपंखी, तुला एक मास्तरीण घेणार बघ, तिच्या टेबलावर खडूची भुकटी असंल, जपून राहा. प्रत्येक साडीला एक घर द्यायचे आणि मगच तिची घडी घालायचे. माणसांशी जे बोलता आलं नाही ते सगळं मी त्या खोलीत बोलून घेतलं. कोणी ऐकत नव्हतं, म्हणूनच बोलता येत होतं.

दुसरा प्रकार शिकवायचा. नऊवारी कशी नेसायची, निऱ्या कशा धरायच्या. त्यात घाई चालत नाही. बघणारीच्या हातातही साडी असते, तिच्यासाठी आपले हात थांबले पाहिजेत. मग जाहिरात. ती मला आवडत नाही, तिच्यात सगळंच एकदम ओरडतं. आणि एक मुलाखत. अवसरी खुर्दच्या एक म्हाताऱ्या आजी त्यांच्या लग्नातलं लुगडं घेऊन आल्या होत्या. भाभींनी एक फोन त्यांच्या चेहऱ्याकडे लावला, एक हाताकडे. एक प्रश्न विचारला आणि गप्प बसल्या. किती वेळ गप्प! मला अवघडल्यासारखं झालं. पण त्या गप्प बसण्यातूनच आजी बोलायला लागल्या, आणि लुगड्यावरून फिरणारी त्यांची बोटं मी अजून विसरले नाही. दोन फोनमधली चित्रं भाभींनी अशी गुंफली की आवाज आजींचा चालू आणि दिसतात मात्र बोटं.

शेवटचा प्रकार लाइव्ह. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुली त्यांच्या साडी डेसाठी खरेदीला आल्या होत्या, त्यांनी भाभींना ते सुचवलं. कापायचं नाही, जोडायचं नाही. आपण इथे करतोय ते लोक तिथे तेव्हाच बघतात, खाली लिहून विचारतात, आणि साडी तिथल्या तिथे ठरते. भाभींनी मला सगळं सांगितलं. पण मी ऐकलं ते एवढंच की याही वेळी फक्त हात.

ती साडी राणी रंगाची होती. सकाळी तिची घडी उघडताना माझं बोट ओलं होतं आणि त्याला गुलाबी लागलं. मी बोट पुसलं. सांगायला हवं होतं. पण त्यासाठी खाली जायचं, शेठसमोर उभं राहायचं आणि बोलायचं. मी यातलं एकही केलं नाही. इस्त्री करून ती साडी इतर साड्यांवर ठेवली.

लाइव्ह सुरू झालं. भाभी स्टँडच्या बाजूला उभ्या राहून बोलत होत्या. काठ कसा, पदर कसा, सोबत ब्लाउजपीस. समोर माझे हात. खोलीतला उजेड त्या दिवशी फार मऊ होता. तीन साड्या झाल्या. मग भाभी खाली आलेले प्रश्न वाचायला फोनकडे वाकल्या, आणि माझ्या हातात ती राणी रंगाची आली. दरवेळी बोलते तसंच मी बोलले. बोलले हे मला कळलंही नाही.

खाली शेठ गल्ल्यावर बसून आपल्या फोनवर तेच लाइव्ह बघत होते. लाइव्ह जरा उशिराने पोचतं, हे मला ठाऊक नव्हतं. आपण बोललो की ते कुठेतरी जाऊन, फिरून, थोड्या वेळाने दुसऱ्याच्या फोनात उतरतं. माझा साडीचा पदर पसरून झाला होता, निऱ्या धरत होते, आणि जिन्यातून एका बाईचा आवाज वर आला. हलका, डोंगराकडच्या बोलीतला. मला वाटलं, माझ्या आईचाच आहे.

"तू जरा जपून जा गं बाय. तुला पाण्यात घालू नको म्हनावं त्यांना. तुझा रंग लई सुटतो, माझं बोट भरलं सकाळी. दुसऱ्या लुगड्यांत धुतली तर समद्यांना गुलाबी करशील. सांग त्यांना, मला सांगता येत न्हाई."

तो आवाज एकेक पायरी चढून माझ्यापर्यंत आला. मग मला समजलं की तो माझा आहे. माझे हात निऱ्यांत तसेच राहिले.

भाभी हळूच वाचत होत्या, "ताई काय म्हणाल्या? रंग जातो?" त्याच्या खाली तसाच दुसरा प्रश्न, तिसरा. भाभींचा चेहरा उतरला. तेवढ्यात जिन्यात खरी पावलं वाजली.

शेठ वर आले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. ते फोनसमोर कधी येत नाहीत, त्या दिवशीही चेहरा बाजूलाच ठेवला. म्हणाले, "तांब्यात पाणी आना."

पाणी आणलं ते भाभींनी. शेठनी मला विचारलं, "कुठल्या बाजूला लागलं व्हतं?" मी पदराकडे बोट केलं. त्यांनी पदराचं टोक तांब्यात बुडवलं, खिशातला पांढरा रुमाल काढला आणि फोनच्या बरोबर समोर, जिथे माझे हात असायचे तिथे, टोक रुमालात पिळलं. रुमाल गुलाबी झाला. अगदी सुंदर गुलाबी.

"हिचा रंग जातो," शेठ फोनकडे न बघता म्हणाले. "ही आज विकायची न्हाई. बाकीच्या बघून सांगतो." आणि भाभींना म्हणाले, "बंद कर."

फोन बंद झाल्यावर माझ्याकडे वळले. "सकाळी कळलं व्हतं ना बाई?"

"व्हय."

"मग आधी मला सांगायचं का गावाला?"

बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं.

त्यानंतर आठ दिवस भाभींनी मला वर बोलावलं नाही. रागावल्या असाव्यात, त्यांच्या जागी मीही रागावले असते. मी खाली, मागच्या बाजूला ब्लाउजपीस लावत बसायचे. डोक्यावर त्यांच्या पावलांचा आवाज यायचा. वर माझ्याशिवायही काहीतरी चालू आहे, हे ऐकू यायचं. दिवाळी तोंडावर आली होती. संध्याकाळी शेठ गल्ला बंद करून माझ्याकडे बघायचे तेव्हा मला वाटायचं, आज म्हणतील. ते म्हणायचे, "या बाई, अंधार पडायच्या आत." तेवढंच. त्या आठ दिवसांत मी कुठल्याच कापडाशी बोलले नाही.

नवव्या दिवशी भाभी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. "ताई, या वर. लोकं विचारतात, ती बाई कुठं गेली म्हणून."

हातातलं ब्लाउजपीस मी खाली ठेवलं. म्हणाले, "मी न्हाई बोलायची. चुकून झालं ते."

"चुकूनच बोला."

"ते कसं जमंल, भाभी? आता म्हाईत झालंय ना ऐकू जातं ते."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मुलाखतीत राहिल्या होत्या तशा. मग मीच बोलले. "तुमी नसताना जमंल. कोनच नसताना. हातांचा व्हिडिओ आधी काढा, आवाज मागून घाला."

भाभींनी डोळे मोठे केले. "असला प्रकार असतो. तुम्हाला कुणी सांगितला?"

कोणी सांगितला नव्हता. आजींची बोटं आठवली होती.

शेठची अट एकच. रंग, वीण, काठ, जे खोटं असेल ते मी आधी खाली येऊन सांगायचं. पहिल्या दिवशी जिना उतरायला मला बराच वेळ लागला. शेठसमोर मी दोन साड्या ठेवल्या आणि म्हणाले, "ह्या दोन नकोत." त्यांनी विचारलं नाही का. बाजूला ठेवल्या.

आता व्हिडिओ असा होतो. आधी हात. भाभी ते कापतात, जोडतात. मग त्या मला फोन देतात आणि मी मागच्या गोदामात जाते. आवाजासाठी तीच जागा बरी, भाभींनी करून बघितलंय. चारी बाजूंनी छतापर्यंत साड्यांच्या थप्प्या, त्यात रस्त्यावरचा एकही हॉर्न शिरत नाही. बोललं की आवाज घुमत नाही, कापडात मुरतो. दार लावलं की मी आणि त्या. फोन मी पालथा ठेवते, म्हणजे रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसत नाही. मग एकेक साडी आठवते, तिला घर देते, आणि जिचा रंग नाजूक तिला तसं सांगते. मधे विसरले तर थांबते. थांबलेलं भाभी काढून टाकतात.

काल दारावर टकटक झाली. "ताई, झालं का?"

एका जांभळ्या साडीला मी नुकतंच ओतूरच्या पलीकडे नेलं होतं, एका विहिरीजवळच्या घरात. तिथल्या बाईला साडी आवडली की नाही, ते अजून व्हायचं होतं.

"न्हाई," मी आतून म्हणाले. "जरा थांबा."