मेलेल्या बैलाचं नाव

डिंभ्याची ती बाई ठाण्याच्या बाकावर कशी बसली होती, ते अजून डोळ्यापुढून हलत नाही. तिशीच्या आतली विधवा. "साहेब, सासऱ्यांना कळलं तर पोरीला ठिवून घेत्याल अन् मला हाकलत्याल," एवढंच बोलली.

येडगावच्या एक निवृत्त मास्तरीणबाई विधवा-विधुरांची लग्नं जुळवायच्या. त्यांची स्वतःची वेबसाइट होती. या बाईनं घरी न सांगता तिच्यावर फॉर्म भरला होता. फोटो, आधार, पत्ता, सगळं. आता कोणीतरी फोनवर तो फॉर्म तिला वाचून दाखवत होता. रविवारी एकटी भेट, नाहीतर सासऱ्याच्या मोबाईलवर टाकतो, म्हणे.

मी सातवीवर भरती झालेला माणूस. कॉम्प्युटर कळत नाही, माणूस कळतो. फिर्याद घेतली, नंबर सायबर शाखेला कळवला. सिम खोट्या नावाचं निघालं. मग मास्तरीणबाईंना बोलावलं आणि पासवर्ड विचारला. त्यांनी लाजत एका बैलाचं नाव सांगितलं. त्यांच्या घरचा शर्यतीचा बैल, आदल्या साली मेलेला.

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, हे नाव आख्ख्या तालुक्यानं शर्यतीच्या घाटात भोंग्यावर ऐकलंय. कुलूप लावलं अन् किल्ली वेशीला टांगली तुमी."

"जीव होता हो त्याच्यावर," त्या म्हणाल्या.

पासवर्ड बदलायला लावला, फॉर्म साइटवरून उतरवले. दुसऱ्या दिवशी खबऱ्यानं सांगितलं, नारायणगावचा एक फ्लेक्सवाला चहाच्या टपरीवर फुशारकी मारतोय, कुठली विधवा लग्नाला तयार आहे ते मला विचारा.

त्याला चौकशीला आणला. हात लावला नाही. वेबसाइट ठाऊकच नाही म्हणाला. मी चहा मागवला, शर्यतींच्या गप्पा काढल्या. मग सहज म्हणालो, "येडगावच्या बाईंनी पासवर्डला बैलाचं नाव ठिवलं व्हतं राव."

तो हसला. "मेलेल्या बैलाचं नाव कुणी ठिवतं का, साहेब?"

बाईंच्या दावणीला तीन बैल जिवंत होते. कोणता, ते मी बोललो नव्हतो. त्याच्या हातातला कप तसाच राहिला. त्या बैलाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्यानंच छापला होता. दुकानातला कॉम्प्युटर पंचनामा करून जप्त केला, फॉर्म त्यातच सापडले. शनिवारी अटक दाखवली. सासऱ्यापर्यंत अक्षर गेलं नाही. पुढं त्या बाईचं लग्न झालं, पोर तिच्यासंगं गेली.

ज्याच्यावर जीव, त्याचं नाव कुलपाला लावू नका. चोर आधी तेच लावून बघतो. हे मी मास्तरीणबाईंना दम देऊन सांगितलं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी आमची मंडळी गेली, तर मी मोबाईलला अन् बँकेला तिचंच नाव लावलं. मी, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेला.

मागच्या महिन्यात बदललं. नवीन पाठ होत नाही, पण होईल. ती असताना नावानं हाक कधी मारली नाही, आमच्यात रीत नव्हती. आता सकाळी चहा ठेवताना मारतो.