सगळ्यात वरची श्री

बाळांनो, आपल्या डिचोलीतल्या लहानशा वाचनालयाची यादी मी इतकी वर्षं कागदावर लिहून शहरातल्या कचेरीत पाठवत आले. यंदा कळलं की यादी आता थेट त्यांच्या सर्व्हरवर पाठवायची. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचली नाही, तर नव्या पुस्तकांच्या वाटपातून आपलं नाव जाणार. मुलांच्या कपाटात तीच ती पुस्तकं आहेत, पानं सुटून आलेली. त्यामुळे माझा जीव त्या यादीत अडकला होता.

तो सर्व्हर फार जुना. त्याला यादी एक्सएमएल पद्धतीनेच लागते. प्रत्येक गोष्टीआधी एक खूण उघडायची आणि नंतर आठवणीने बंद करायची. लेखक उघडा, नाव लिहा, लेखक बंद करा. मला हे फार आवडलं. उघडलेलं दार लावणारी माणसं मी या घरात जन्मभर शोधत आले आहे.

माझी भाची घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. तिने नमुना करून दिला आणि मी आठवडाभर बसून पुस्तकं भरली.

शेवटच्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. जनेलातून घरामागच्या कुळागरातल्या पोफळींचे नुसते शेंडे दिसत होते, हवेत लोंबत असल्यासारखे. भाचीने बटण दाबलं आणि यादी गेली. तेरेखोलची फेरीबोट धुक्यात शिरली की बोट दिसेनाशी होते आणि तिचा आवाज तेवढा उरतो. तसं काहीतरी मला ऐकू येत राहिलं.

"चारशे," भाची म्हणाली.

"चारशे काय? नारळ?"

"अगो मावशी, सर्व्हरचं उत्तर आहे ते. तू पाठवलंस ते मला समजलं नाही, असं तो म्हणतो."

"म्हातारा आहे ना तो. जरा मोठ्याने सांग."

ती हसली, पण पुन्हा पाठवलं तरी चारशेच. मग आम्ही एकेक खूण तपासत बसलो. सगळी दारं नीट लावलेली होती. धुकं उठलं, कढी निवली, ऊन मेजावरून खाली उतरलं. शेवटी भाची म्हणाली, "तू पहिल्यापासून मोठ्याने वाच. मी डोळे मिटून ऐकते."

मी चष्मा पुसला आणि वाचलं, "श्री."

तिने डोळे उघडले. "काय म्हणालीस?"

"श्री. वर लिहिलंय ना."

माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, पण इंग्रजीच्या पेपरावरसुद्धा मी कोपऱ्यात बारीक श्री काढून मगच उत्तर लिहायची. इथेही हात आपोआप चालला होता. आणि भाचीच्या नजरेतून ती दिवसभर सुटली, कारण तीही याच घरात वाढली. पानावर श्री असतेच; ती वेगळी कोण वाचतो?

"मावशी, त्याला पहिल्या ओळीत यादीची ओळख लागते, ही एक्सएमएल आहे अशी. तिच्याआधी एक अक्षरही चालत नाही. काढ ती."

बोट बटणावर गेलं, पण दाबवेना. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मग तिनेच ती श्री उचलून दुसऱ्या ओळीत, टिपेच्या खुणांमध्ये बसवली. "टीप माणसांसाठी असते. तो ती न वाचता पुढे जातो. आता बघ."

बाहेर देवळात सांजेची घंटा वाजत होती.

"दोनशे!"

"अगो, निम्मेच उरले की!"

"मावशी, दोनशे म्हणजे पोचलं!"

त्यानंतर दुपारी डोळा लागता लागता मला कधी कधी ते जुनं यंत्र दिसतं. आपली सगळी पुस्तकं ओळीने आत शिरताहेत, आणि त्यांच्या पुढे, कुणीही न वाचलेली, माझी श्री.