पायपीटबाई

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा औषधाच्या जागी रस्ता लिहिलेला असायचा. 'पाण्याच्या टाकीपासून सबस्टेशनपर्यंत, जाऊन-येऊन, रोज.' खाली सही आणि तारीख. ती चिठ्ठी घेऊन पेशंट माझ्या खिडकीशी यायचा, कारण औषध द्यायचं काम माझं. मी फार्मासिस्ट, गावाच्या भाषेत कंपाउंडर. तो चिठ्ठी आत सरकवून हात पसरून उभा राहायचा.

"यात औषध नाही," मी सांगायचो.

"मंग काय हाय?"

"चालायला सांगितलंय."

"गोळ्या संपल्या म्हणून चालाय लावता का बे आमाला?"

शिवी मला बसायची. बाई आत पुढच्या पेशंटला रस्ता लिहून देत असायच्या.

पायपीटबाई हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण महिन्याभरात ते गावभर झालं. बाई आपल्याच जिल्ह्यातल्या, उमापूरकडच्या. वडील प्राथमिक शिक्षक. वय तिशीच्या आतबाहेर. डॉक्टरकी झाल्यावर व्यायामातून उपचार कसा करायचा याचं वेगळं शिक्षण त्यांनी घेतलं होतं, आणि ते घेऊन कुठल्या शहरात दवाखाना टाकायचा सोडून त्या आमच्याकडे कंत्राटावर आल्या होत्या. नाव कानावर गेलं तेव्हा मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं काका. सुईबाई म्हणाले असते तर वाईट वाटलं असतं."

सुईशिवाय आमच्याकडे दवाखाना होत नाही. सुई टोचली, सलाईन लागलं, की पेशंटला वाटतं काहीतरी झालं. बाईंनी गोळ्या बंद केल्या असं गावात पसरलं, तेही खोटं. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या त्या व्यवस्थित लिहायच्या, चुकवल्या तर रागवायच्या. पण गोळीबरोबर चालणं लिहायच्या, आणि तीन-चार महिन्यांनी मोजून, तपासून, एखाद्याची गोळी अर्धी करायच्या. गावातले एक बागायतदार होते, त्यांना बापूसाहेब म्हणू. घरापासून पानटपरीपर्यंत दोनशे पावलं, तीसुद्धा बुलेटवर. साखर कधी खाली यायची नाही. ते म्हणाले, "बाई, भारीतली गोळी द्या की. पैशाचं बघू नका." बाई म्हणाल्या, "देते भारीतली. पण बापूसाहेब, गोळीला पाय नसतात. चालायचं तुमालाच हाय." बापूसाहेब हसले, बुलेटला किक मारली आणि टपरीवर जाऊन हीच गोष्ट विनोद म्हणून सांगितली. गाव हसलं. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

बाईंचं एकदा चुकलंही. सरूबाई नावाची खुरपणीला जाणारी बाई कंबरदुखीसाठी दर आठवड्याला माझ्याकडून गोळ्या न्यायची. तिलाही त्यांनी चालायला लिहून दिलं. सरूबाईनं चिठ्ठी घेतलीच नाही. म्हणाली, "आमी दिसभर रानात वाकतो, बाई. रानात जायाला दोन कोस, याला दोन कोस. आमाला कावून चालाय लावता?" त्या रविवारी बाई सरूबाईबरोबर रानात गेल्या आणि तिच्या शेजारची पात धरून दुपारपर्यंत खुरपत बसल्या. सोमवारी खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागलं. मला म्हणाल्या, "काका, मी पुस्तकातलं बोलले. हिचं दुखणं वेगळं आहे."

मग त्यांनी सरूबाईला दुसरं लिहून दिलं. पात संपली की उभं राहायचं, कंबरेवर हात ठेवून मागं वाकायचं, दहा वेळा. दुपारच्या भाकरीनंतर झाडाखाली पाठ टेकायची, गुडघे पोटाशी घ्यायचे. खुरपणाऱ्या बायका आधी लाजल्या, मग एकमेकींना बघून हसल्या, मग करू लागल्या. सरूबाई महिन्यातून एकदा येऊ लागली, मग तेही थांबलं. बाई म्हणायच्या, "गावात दोन तऱ्हेची शरीरं आहेत, काका. एक बसून सडतंय, एक राबून झिजतंय. आणि आपण दोघांना एकाच डब्यातली गोळी देतो." डबा माझ्या हातात होता, म्हणून ते वाक्य मला लागलं.

साखर आणि रक्तदाब असलेल्या घरीच असणाऱ्या बायकांचं मात्र जमेना. त्यांना चालायला जागाच नव्हती. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि वाळूचे हायवा ट्रक. शिवाय हातात काम नसलेली बाई नुसती चालताना दिसली की पारावरून प्रश्न येतोच, "कुणीकडं निघाली?" बाईंनी आठ-दहा जणी जमवल्या आणि गावातल्या शाळेचं मैदान मागितलं. सकाळी एक तास, शाळा भरायच्या आधी. मैदानाला फाटक होतं, फाटकाला कुलूप. बाईंना फक्त किल्ली हवी होती. त्या शाळेत गेल्या, तर शाळेनं पंचायतीकडे पाठवलं. पंचायत म्हणाली, शाळेचा ठराव आणा. चार महिने हे चाललं. एका सभेत कुणीतरी विचारलं, "बायकांनी चालून मैदान खराब झालं तर?" मी तिथं बसलो होतो. मैदानात कुसळांशिवाय काही नव्हतं, आणि हे मी उठून बोललो नाही.

किल्ली मिळाली नाही, पण एक दिवस टेम्पो आला. कुठल्याशा निधीतून गावाला व्यायामाची यंत्रं मंजूर झाली होती, हिरवी-पिवळी, लोखंडी. पंचायतीसमोर, भर उन्हात, रस्त्याच्या कडेला सिमेंटमध्ये रोवली. फीत कापली, नारळ फोडला. पुढाऱ्यांनी एकेका यंत्रावर बसून फोटो काढले आणि बाईंना बोलवून सांगितलं, "घ्या मॅडम, तुमचीच मागणी पूर्ण केली." बाईंनी हात जोडले. ऊन चढलं की त्या लोखंडाला हात लावता येत नसे, आणि सकाळी तिथं समोरच्या हॉटेलात चहा पिणारे पंधरा पुरुष बसलेले असत. कोणती बाई तिथं जाणार? दोन महिन्यांत यंत्रांवर गोधड्या वाळू लागल्या. पुढं कुणी म्हणालं तर पंचायतीचं उत्तर तयार होतं, "आमी सोय केली, लोकंच येत न्हाईत."

आता माझ्या घरचं सांगतो. माझा थोरला भाऊ अण्णा. पन्नास एकराचा कारभार, दोन वेळा सोसायटीचा चेअरमन, शब्दाला वजन. त्याला अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. बीडहून आठ दिवसांनी घरी आणला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, "आता पडून राहा." वहिनी त्याला अंथरुणातच जेवू घालायच्या. चार महिन्यांत पाय काठीसारखा झाला. दवाखान्यातून सुटतानाच्या कागदावर व्यायाम करा असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कागद मी स्वतः वाचून फाइलीत ठेवला होता. गोळ्या तेवढ्या वेळेवर देत होतो.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या मला काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी सरळ घरी आल्या. तपासणी केली, कागद बघितले. अण्णा त्यांना न्याहाळत होता. म्हणाला, "आडनाव काय म्हणलात तुमी?" आमच्याकडे आडनाव कशासाठी विचारतात हे सांगायला नको. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई शांतपणे म्हणाल्या, "सांगते की. पण उभं राहून विचारा."

अण्णाला राग आला. खरोखरचा, जुन्या चेअरमनचा राग. त्यानं उजव्या हातानं खाटेची कड पकडली आणि उठायला लागला. बाईंनी त्याच्या डाव्या बगलेत खांदा दिला, मला दुसरीकडून धरायला लावलं. तो उभा राहिला. चार महिन्यांत पहिल्यांदा. थरथरत होता, पण उभा होता. बाईंनी त्याच्या तोंडाकडे बघत आपलं आडनाव सांगितलं. मग अण्णा वहिनींना म्हणाला, "च्या ठेव. आन माझ्या कपातच दे त्यांना."

त्यानंतर बाई एक दिवसाआड यायच्या. आधी खाटेवरून उठणं-बसणं, मग भिंत धरून उभं राहणं, मग पावलं. अण्णा शिव्या द्यायचा. बाई म्हणायच्या, "द्या, शिव्या देताना श्वास चांगला खोल जातो." तीन महिन्यांनी तो काठी टेकत गोठ्यापर्यंत गेला आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. वहिनी चुलीपाशी तोंडाला पदर लावून रडत होत्या.

त्याच सुमारास तालुक्याच्या बैठकीत बाईंची पंचाईत झाली. दर महिन्याला तक्ता भरून द्यायचा असतो: किती तपासले, किती गोळ्या वाटल्या, किती सलाईन लावली. बाईंनी शेवटी शाईच्या पेनानं लिहिलं होतं, रोज चालणारे किती, गोळी कमी झालेले किती. तालुका आरोग्य अधिकारी साहेबांनी विचारलं, "हा रकाना कुठून आला?" बाई म्हणाल्या, "मीच केला, सर." साहेब म्हणाले, "तक्त्यात नाही ते झालेलंच नाही." साहेब वाईट नव्हते, दमलेले होते. त्यांना वरून तोच तक्ता विचारणार होते.

मग त्यांचं लक्ष माझ्या साठ्याकडे गेलं. रक्तदाबाच्या गोळ्या शिल्लक होत्या. मला लेखी विचारणा आली, 'औषधे शिल्लक राहण्याचे कारण कळवावे.' मी उत्तर लिहिलं, 'वैद्यकीय अधिकारी चिठ्ठीत औषधे कमी प्रमाणात लिहितात.' त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या कमी का लिहितात, लोकांचे आकडे कसे उतरलेत, हे मी लिहिलं नाही. कागदावर जागा होती. पण माझी नोकरी सात वर्षं उरली होती आणि विचारलं तेवढंच सांगायची सवय हाडात गेली होती.

बाईंचं कंत्राट पुढं वाढलं नाही. माझ्या कागदामुळेच असं नाही, गावातून औषध देत नाहीत म्हणून तक्रारीही गेल्या होत्या. पण फाइलीत माझा कागद वरच होता, तो त्यांनी पाहिला. जायच्या दिवशी मी त्यांची बॅग स्टँडवर नेली. एसटीला वेळ होता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "काका, तुम्ही लिहिलंत ते खरंच होतं. अर्धं होतं, एवढंच." त्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. गाडीत चढताना पुन्हा वळल्या. "अण्णांना बसू देऊ नका."

आता केंद्रात नवीन डॉक्टर आहेत. सुई देतात, सलाईन लावतात. सकाळी आठपासून रांग असते, आणि रांग दिसली की केंद्र चांगलं चाललंय अशी वरपासून खालपर्यंत सर्वांची समजूत आहे. तक्ते वेळेवर जातात. माझ्याकडे गोळी शिल्लक राहत नाही, उलट कमी पडते. मला कुणी कारण विचारत नाही. बाईंनी चालण्यासाठी जमवलेल्या आठ-दहा बायकांपैकी एकीला पावसाळ्यात झटका आला. तिला न्यायला ॲम्ब्युलन्स आली ती शाळेच्या त्याच फाटकासमोरून गेली, आणि कुलूप बघून मला इतका संताप आला की घरी जाऊन जेवलो नाही. संताप कुणावर काढायचा, हे मात्र कळेना.

घरी अण्णाचंही पुन्हा पहिल्यासारखंच झालं. बाई गेल्यावर महिनाभर तो चालला. मग एकदा न्हाणीत पाय घसरला. लागलं नाही, पण वहिनी घाबरल्या. भेटायला येणाऱ्यांनी पुन्हा सुरू केलं, "कशाला जिवाला त्रास? पडून राहा." मी त्याच घरात राहतो. उद्या उठवू, परवा उठवू, असं करत वर्ष गेलं. पाय पुन्हा काठी झाला.

यंदा संक्रांतीला सकाळी बाईंचा फोन आला. दुसऱ्या जिल्ह्यात आहेत, काम तेच. तिथंही लोक चिठ्ठी फेकून देतात म्हणाल्या, आणि हसल्या. मग विचारलं, "अण्णा चालतात ना?"

मी अण्णाच्या खाटेशेजारीच बसलो होतो. म्हणालो, "हो हो. रोज गोठ्यापर्यंत जातो."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "काठी बदला म्हणावं आता, हलकी घ्या."

फोन ठेवला. अण्णा छताकडे बघत पडला होता. मला वाटलं, त्याला ऐकू गेलं नसावं. मग तो तसाच वर बघत म्हणाला, "त्या बाईशी खोटं बोललास."

मी त्याचं पांघरूण सारखं करू लागलो.

"धर हात," तो म्हणाला.

चार वेळा उठायचा प्रयत्न केला, चारही वेळा तो खाटेवर परत आदळला. वहिनी दारातून "नका, नका" करत होत्या. पाचव्या वेळी उभा राहिला. मला त्याचं वजन पेलत नव्हतं, माझाही दम गेला होता. पन्नाशी उलटलेला मी, मलाही साखर, मी तरी कुठं कधी चाललो होतो? कसेबसे उंबऱ्यापर्यंत आलो. अंगणात ऊन पडलं होतं. पुढं काही जाणं होईना. दोघंही उंबऱ्यावरच धापा टाकत बसलो.

बऱ्याच वेळानं अण्णाला बोलण्याइतका दम आला.

"बाई असत्या," तो म्हणाला, "तर हितं बसू दिलं नसतं."