घाटकोपरमधला शेतीचा हंगाम

मुलुंडच्या एका बी.एड. कॉलेजात मी लेक्चरर म्हणून नवी नवी लागले, तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पहिल्याच वर्षी भावी शिक्षकांचे निबंध माझ्याकडे तपासायला आले. विषय होता ‘माझ्या वर्गातील अनुपस्थितीची समस्या’. प्रत्येकाने आपापल्या सरावाच्या शाळेत डोळ्यांनी बघून लिहायचं, अशी अपेक्षा.

बघतंय कोण! पहिल्याच निबंधात वाचलं, “शेतीच्या हंगामात मुले शाळेत येत नाहीत.” लिहिणाऱ्याची शाळा घाटकोपरला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. मला हसू आलं. पुढच्या निबंधात अंधेरीची मुलं कापणीला गेली होती, त्याच्या पुढच्यात बोरिवलीची लावणीला, आणि मग माझं हसू मावळलं. जुन्या बॅचमधल्या कुणाचा तरी खेड्यातल्या शाळेवरचा निबंध दरवर्षी पुढच्या बॅचच्या हाती पडत होता. ब्राउन पेपरचं कव्हर, रंगीत समास, शेवटी भरघोस संदर्भसूची, सगळं कसं नीटनेटकं.

“असंच असतं गं. मार्क दे आणि मोकळी हो,” शेजारच्या टेबलावरच्या सीनियर बाई म्हणाल्या. मला मोकळं होता येईना. एक निबंध वाचायचा, उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, परत येऊन बसायचं, असं माझं चाललं होतं. हे लोक उद्या वर्गात मुलांना ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ म्हणून सांगणार, या विचाराने डोकं भणभणत होतं.

त्या गठ्ठ्यात एकच निबंध वेगळा निघाला. लिहिणारी भांडुपला डोंगरावरच्या वस्तीतल्या शाळेत आधीपासूनच शिकवत होती. यंदा बी.एड. झाली नाहीस तर जागा सोड, असं शाळेने तिला बजावलं होतं. गैरहजर मुलींच्या घरी ती स्वतः जाऊन आली होती. नळाला पाणी येतं त्याच वेळेला शाळा भरते, आई कामाला गेलेली असते, म्हणून मुलगी हंडा घेऊन रांगेत उभी राहते, असं तिने सरळ लिहिलं होतं. संदर्भसूची नाही. ‘उपाययोजना’ या मथळ्याखाली एकच वाक्य, “मला अजून उपाय सापडलेला नाही.”

मी तिला सगळ्यांत जास्त मार्क दिले, आणि माझी खरी तगमग तिथून सुरू झाली. कारण सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा निबंध बाहेरून आलेले परीक्षक पुन्हा तपासत. तिथे नापास झालं की वार्षिक परीक्षेला बसता येत नसे. मधलेच मार्क दिले असते तर ती गुपचूप सुटली असती. माझ्या कौतुकानेच तिला पुढे ढकललं होतं.

परीक्षक आले. त्यांनी निबंध वाचला, उलटून शेवटचं पान पाहिलं.

“संदर्भ नाहीत, उपाय नाहीत. आणि हा तुमचा पहिला नंबर?”

“सर, बाकीच्यांनी उतरवलंय. हिने जाऊन पाहिलंय.”

“मॅडम, गुणांच्या तक्त्यात पाहिल्याला मार्क नाहीत.”

मी भांडले. आवाज चढला, सीनियर बाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी निबंध पुन्हा वाचला आणि पास होण्यापुरते मार्क ठेवून बाकीचे कापले.

ती बाहेर पॅसेजमध्ये पदराचं टोक पिळत उभी होती. मी म्हटलं, “पास झालीस. पण मार्क कापले गं त्यांनी. मला फार राग आलाय.”

“पास झाले ना मॅडम? बास!” तिचे डोळे भरून आले. तिने माझे हात धरले आणि मला तिच्याबरोबर धड हसताही येईना.

मग जरा संकोचून म्हणाली, “मॅडम, पुढच्या सहामाहीत दुसरा निबंध आहे ना, त्याच्या आधी मला बाकीच्यांचा एखादा चांगला निबंध वाचायला द्याल? कसं लिहायचं असतं, ते मला कळलंच नव्हतं.”